पगाराची बोलणी आणि मधला माणूस



या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, विज्ञान असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या रांगेत ‘पगाराची बोलणी’ हा विषय जरा बुजतच उभा राहतो. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचे घर पगारावर चालते आणि मुलाबाळांची शिक्षणे, घराचे हप्ते, म्हातारपणची सोय ही सारी त्या एका आकड्यावर बेतलेली असते. असे असून मंडईत मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारा आपला माणूस या आकड्याची वेळ आली, की ‘आपण द्याल ते’ म्हणून मोकळा होतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीचा प्रत्यय येथे जितका येतो, तितका दुसरीकडे क्वचित येत असेल.

या भिडेची किंमत किती, हे आधी आकड्यांत पाहू. समजा, सारख्याच पात्रतेचे दोघेजण एकाच दिवशी कामावर रुजू झाले. एकाने महिना ४०,००० रुपये निमूटपणे मान्य केले. दुसऱ्याने दोन शब्द बोलून ४४,००० ठरवून घेतले. दोघांनाही दर वर्षी ८ टक्के वाढ मिळत गेली, तर दहा वर्षांत दोघांच्या एकूण मिळकतीत सुमारे ६ लाख ९५ हजारांचे अंतर पडते. काम तेच, कष्ट तेवढेच. अंतर पडले ते पहिल्या दिवशीच्या पाच मिनिटांच्या बोलण्यामुळे, कारण पुढची प्रत्येक वाढ त्या पहिल्या आकड्यावर टक्केवारीने चढते.

आता या बोलण्यांत तिसरा माणूस आलेला आहे. पूर्वी उमेदवार आणि मालक समोरासमोर बसत. आज मुंबई-पुण्यापासून नाशिक-छत्रपती संभाजीनगरपर्यंत असंख्य नोकऱ्या प्लेसमेंट एजन्सीमार्फत मिळतात. जाहिरात ती देते, मुलाखत ती ठरवते आणि पगाराचा निरोपही तीच इकडून तिकडे पोहोचवते. हा मधला माणूस आपला की त्यांचा, या प्रश्नाचा उलगडा करणे हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. तो उलगडा झाला म्हणजे बोलावे कसे हे फारसे शिकवावे लागत नाही.

नोकरी देणारा मध्यस्थ आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामगाराला गिरणीत घेणारा जॉबर होता. मालक कामगाराला ओळखत नसे, जॉबर ओळखे. तोच गावाकडून माणसे आणी, तोच कामावर घेई, तोच काढी आणि या उपकाराबद्दल कामगाराच्या तुटपुंज्या मजुरीतून दस्तुरी घेई. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिटले आयोगाच्या अहवालात या लाचखोरीवर स्पष्ट टीका आहे. नोकरी मिळवून देण्याबद्दल गरजवंताकडूनच पैसे घ्यावेत काय, हा प्रश्न जगभर गाजला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४४ च्या फिलाडेल्फिया जाहीरनाम्यात श्रम ही बाजारातली वस्तू मानता येणार नाही, असे तत्त्व मांडले. पुढे १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खाजगी एजन्सीने कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, असा सर्वसाधारण नियम घातला. आपल्याकडे सरकारी सेवायोजन कार्यालयांचा आरंभ १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून झाला. तेथेही नोंदणी विनामूल्य ठेवण्यात आली.

तात्पर्य, आजची भल्या नावाची एजन्सी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ती कंपनीकडून घेते. नावनोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत असे कोणतेही कारण सांगून जी आपल्याकडे पैसे मागते, तिच्याशी पगाराची बोलणी करण्याचा प्रश्नच उरत नाही. तेथून उठून घरी यावे. परदेशातील नोकऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला ठरवून दिलेल्या मर्यादेत सेवाशुल्क घेता येते. पण त्याची नोंदणी आधी तपासावी आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

परंतु एजन्सी पैसे घेत नाही म्हणजे ती आपल्यासाठी धर्मादाय काम करते, असा अर्थ नव्हे. जो पैसे देतो त्याचे काम होते, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. शेतकरी बंधूंना हे समजावून सांगावे लागत नाही. बाजार समितीत अडत कोणी द्यायची, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. नोकरीच्या बाजारात अडत खरेदीदारच, म्हणजे कंपनीच देते. तेव्हा एजन्सी ही कंपनीने नेमलेली आहे, हे मनात पक्के धरावे. मात्र ती आपली वैरीणही नाही. का नाही, ते तिच्या हिशेबावरून कळेल.

एजन्सीचे व्यवहार दोन प्रकारचे असतात आणि त्यांतील भेद बाजारपेठेतल्या अडत्या आणि व्यापारी यांच्या भेदासारखा आहे. अडत्या दुसऱ्याचा माल विकून देतो आणि विक्रीच्या किमतीवर टक्केवारी घेतो. भाव चढला तर त्याचीही टक्केवारी चढते. व्यापारी माल स्वतः घेतो आणि पुढे जास्त भावाने विकतो. आपल्याला कमी दिले, तितकाच त्याचा नफा जास्त. एजन्सी आपल्याला कंपनीच्या कायम नोकरीत लावून देते, तेव्हा ती अडत्या असते. ती स्वतःच्या पटावर आपल्याला ठेवून कंपनीकडे कामाला पाठवते, ज्याला आपण ‘थर्ड पार्टी पेरोल’ म्हणतो, तेव्हा ती व्यापारी असते. दारावर पाटी एकच असली तरी ही दोन दुकाने अगदी निराळी आहेत.

आधी अडत्याचा हिशेब पाहू. आपल्याकडे कायम नोकरीसाठी एजन्सीचा प्रचलित दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार, असा पुष्कळ ठिकाणी आढळतो. वरच्या जागांसाठी तो अधिकही असतो. आपला पगार ९ लाख ठरला, तर एजन्सीला सुमारे ७५,००० मिळतात. तो १० लाख ठरला, तर तिला आणखी ८,३३० रुपये मिळतात. आता तिच्या जागी बसून विचार करा. आपल्याला दर वर्षी एक लाख रुपये अधिक मिळावेत, म्हणून तिने कंपनीशी हुज्जत घालायची, कंपनी वैतागण्याचा आणि हातचे ७५,००० जाण्याचा धोका पत्करायचा आणि एवढे करून मिळवायचे ८,३३०, तेही एकदाच. शिवाय आपल्याशी फोनवर बोलणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या पदरात त्यातला छोटासाच वाटा पडतो. शहाणा अडत्या अशा वेळी काय करील? तो म्हणेल, ‘‘सर, याच्यावर बजेट नाहीये. आज संध्याकाळपर्यंत कन्फर्म करा, नाहीतर दुसरा कँडिडेट तयार आहे.’’ त्यात दुष्टपणा काही नाही; निव्वळ अंकगणित आहे.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नाही. घरांच्या दलालीचा हिशेब याच जातीचा आहे आणि त्याची मोजदाद झालेली आहे. लेव्हिट आणि सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. दलाल जेव्हा स्वतःच्या मालकीचे घर विकत, तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या तशाच घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबत आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवत. दुसऱ्याचे घर विकताना मात्र ‘आलेला भाव चांगला आहे, देऊन टाका’ हा त्यांचा सल्ला असे. टक्केवारीवर जगणाऱ्याला चढ्या भावापेक्षा उरकलेला व्यवहार अधिक प्रिय असतो.

तर मग अडत्याला हवे असते ते काय? त्याला निश्चिती हवी असते. आपण होकार द्यावा, ठरल्या तारखेला रुजू व्हावे आणि काही काळ टिकावे. कारण एजन्सीच्या करारात बहुधा अशी अट असते, की उमेदवार ठरावीक मुदतीत, पुष्कळदा ९० दिवसांत, सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट द्यावा किंवा घेतलेले पैसे परत करावेत. होकार देऊन आयत्या वेळी न येणारे उमेदवार हे या धंद्याचे मोठे दुखणे आहे. म्हणजे आपल्या हातात एक अशी चीज आहे, जी एजन्सीला आठ हजार रुपयांपेक्षा मोलाची वाटते, आणि ती म्हणजे आपला भरवशाचा शब्द. पगाराच्या बोलण्यांचे मर्म येथे आहे. वाढ मागायची ती नुसती मागू नये. निश्चितीच्या बदल्यात मागावी.

‘‘थोडे वाढवून मिळाले तर बरे होईल’’ हे वाक्य एजन्सीच्या काही उपयोगाचे नाही. ती कंपनीला काय कळवणार? आणि वाढवून दिल्यावरही आपण येऊ याची हमी कोठे आहे? त्याऐवजी असे लिहून पाठवावे: ‘‘आपला प्रस्ताव मिळाला. काम मला आवडले आहे. निश्चित पगाराचा भाग ८ लाख १० हजारांऐवजी ८ लाख ८० हजार झाला, तर मी त्याच दिवशी लेखी होकार देईन आणि १ तारखेस रुजू होईन.’’ आता एजन्सीच्या हातात कंपनीपुढे ठेवण्यासारखे काही आले. ती म्हणू शकते, ‘‘एवढे करा, माणूस पक्का आहे.’’ त्यात तिचेही काम उरकते. मागणीबरोबर एखादे कारणही द्यावे, परंतु ते आपल्या गरजेचे नसावे, कामाच्या किमतीचे असावे. घराचा हप्ता वाढला, हे कारण खरे असले तरी कंपनीच्या दृष्टीने गैरलागू आहे. या कामासाठी दुसरीकडे काय दर चालू आहे, आपण कोणती जबाबदारी पूर्वी पेलली आहे, ही कारणे लागू पडतात. आणि शब्द दिला की पाळावा. एकदा फिरलेला माणूस एजन्सीच्या वहीत कायमचा नोंदला जातो.

येथवर आपण देण्याघेण्याकडे पाहिले. परंतु खरी गफलत पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी, अगदी पहिल्या फोनवर होते. पहिल्याच फोनला एजन्सी दोन प्रश्न विचारते: सध्या किती मिळतात आणि अपेक्षा किती? आपण भाबडेपणाने सांगून टाकतो, ‘‘सध्या सहा आहेत, साडेसहा मिळाले तरी चालतील.’’ ‘तरी चालतील’ हे शब्द तोंडातून गेले, की पुढची बोलणी साडेसहाच्या अवतीभोवतीच फिरणार.

पहिल्या आकड्याचा हा प्रभाव मोठा विलक्षण असतो. ट्वेर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक मौजेचा प्रयोग नोंदवला. आकड्यांचे एक चक्र लोकांपुढे फिरवले. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी त्याची गुप्त रचना होती. मग विचारले, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभासदांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? चक्राचा आणि या प्रश्नाचा संबंध काडीमात्र नव्हता. तरीही ज्यांनी १० पाहिला, त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ निघाला. ज्यांनी ६५ पाहिला, त्यांचा ४५. निरर्थक आकडासुद्धा मनाला असा खुंटीला बांधून ठेवतो. मग सध्याच्या पगाराचा खरा आकडा किती बांधून ठेवील?

म्हणून शक्य तोवर आकडा आधी तिकडून काढावा. ‘‘या जागेसाठी कंपनीने किती ते किती ठरवले आहे?’’ असा सरळ प्रश्न एजन्सीला विचारावा. बहुधा तिला ती मर्यादा माहीत असते आणि नुसते विचारल्यावर ती सांगतेही. कारण न जुळणाऱ्या उमेदवारावर वेळ घालवणे तिला परवडत नाही. आपला आकडा सांगणे भागच पडले, तर बाजारभाव पाहून ठरवलेला आणि समर्थन करता येईल असा सांगावा. मनातला किमान आकडा मात्र कोणालाच सांगू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण जणू याच प्रसंगासाठी घडली आहे.

सध्याचा पगार फुगवून सांगावा काय, असे मला तरुण मुले विचारतात. मुळीच नाही. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी पगारपत्रके, फॉर्म १६, बँकेचे उतारे आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी आज तपासल्या जातात आणि खोटे उघडकीस आले तर हातची नोकरी जाते. परंतु खोटे बोलणे आणि सारे उलगडून ठेवणे यांच्यामध्ये बरीच जागा आहे. ‘‘माझा सध्याचा पगार अमुक आहे, पण ती जबाबदारी निराळी होती. या कामासाठी माझी अपेक्षा इतकी आहे’’ असे म्हणायला कोणाची हरकत आहे? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून प्रस्ताव ठरण्यापूर्वी जुना पगार विचारण्यास बंदी केली आणि इतर अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशातही जुना पगार विचारू नये आणि नव्या जागेचा पगार आधी सांगावा, असे आहे. सदस्य देशांना तो अमलात आणण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत देण्यात आली. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून ही तटबंदी आपली आपणच घालावी लागते.

आणखी एक खबरदारी. आपली माहिती कोणत्या कंपनीकडे पाठवणार, हे एजन्सीला आधी विचारावे आणि आपल्या संमतीवाचून ती पाठवू देऊ नये. एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून एकच अर्ज गेला, तर अडत कोणाची यावरून त्यांच्यात वाद होतो आणि कंपनी वैतागून उमेदवारालाच बाजूला सारते. भांडण दोघांचे, नुकसान तिसऱ्याचे!

आता प्रस्ताव हाती आला असे धरू. त्यावर मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो, ज्याला ‘सीटीसी’ म्हणतात. हा आपला पगार नव्हे. आपल्यापायी कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च आहे. यात आणि हातात पडणाऱ्या रकमेत किती अंतर असते, ते एका उदाहरणाने पाहू.

एका मुलीला सध्या ८ लाख सीटीसी आहे आणि एजन्सीने ९ लाखांचा प्रस्ताव आणला आहे. घरात पेढे वाटण्याची तयारी चालू आहे. सध्याच्या नोकरीत मूळ वेतन ४ लाख. त्यावर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे ४८,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे १९,२४०. विम्याचा हप्ता १२,००० धरू. हे सारे सीटीसीतून वजा जाता उरतात ७,२०,७६०, म्हणजे महिना ६०,०६३. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचा निधी ४,००० आणि व्यवसाय कर २०० गेला, की हातात ५५,८६३.

आता नवा प्रस्ताव. मूळ वेतन साडेचार लाख. कंपनीचा निधी ५४,०००, ग्रॅच्युइटी २१,६४५, विमा १२,००० आणि, ही खरी मेख आहे, सीटीसीचा दहावा हिस्सा, म्हणजे ९०,००० रुपये, ‘व्हेरिएबल’. वर्षअखेर कंपनीचे आणि तिचे काम पाहून मिळेल न मिळेल असा हा भाग. हे वजा जाता उरतात ७,२२,३५५, म्हणजे महिना ६०,१९६. त्यातून तिचा निधी ४,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा करा. हातात ५५,४९६! एक लाखाची बढती घेऊन ती घरी आली आणि दरमहा हातात पडणारे पैसे ३६७ रुपयांनी कमी झाले. निधीत दोन्ही वाटे मिळून वर्षाला बारा हजार अधिक जमतील, ते तिचेच आहेत, हे खरे. व्हेरिएबल पूर्ण मिळाले तर तेही आहेच. पण पेढे वाटण्याआधी हा हिशेब मांडायला हवा होता.

म्हणून प्रस्ताव आला की एजन्सीकडून चार गोष्टी लेखी मागाव्या. दरमहा हातात पडणारी रक्कम किती? व्हेरिएबल किती, केव्हा मिळते आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिले गेले? रुजू होतानाचा बोनस असल्यास तो लवकर सोडल्यावर परत करावा लागतो काय? आणि नोटीस पिरियड किती? ग्रॅच्युइटीबद्दल एवढे लक्षात ठेवावे, की कायम नोकराला ती सामान्यतः पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतरच मिळते; दोन वर्षांत सोडणाऱ्याच्या दृष्टीने तो आकडा केवळ कागदावरचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक दाखवले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो; त्यामुळे मूळ वेतन अगदी लहान दाखवून निधी आणि ग्रॅच्युइटी वाचवण्याच्या जुन्या युक्तीला बराच आळा बसला आहे.

आपल्याकडे लग्न ठरताना देण्याघेण्याची यादी करून त्यावर दोन्ही पक्ष सह्या करतात. मध्यस्थ कितीही जवळचा असला, तरी ‘ते काका म्हणाले होते’ या आधारावर कोणी मांडव घालत नाही. येथेही तोच न्याय. ‘सहा महिन्यांनी वाढ नक्की’, ‘घरून काम करता येईल’ असे एजन्सीने फोनवर सांगितले असेल. ते नेमणूकपत्रात नसेल तर नाही असे समजावे. आणि कंपनीच्या सहीचे पत्र हाती पडल्यावाचून जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये, मग एजन्सी कितीही घाई करो. दोन दिवसांची मुदत मागितली म्हणून भला प्रस्ताव सहसा मागे जात नाही. ज्याला दोन दिवस थांबवत नाही, तो पुढे कसा वागवील, हे त्यातच कळते.

आता दुसरे दुकान, व्यापाऱ्याचे. समजा, आपल्या कामाबद्दल एजन्सी कंपनीकडून महिना ७०,००० घेते आणि आपल्याला ५२,००० देते. मधल्या १८,००० मधून तिला निधीचा वाटा, विमा, कार्यालयाचा खर्च भागवून नफा काढायचा असतो. येथे आपली प्रत्येक वाढ तिच्या नफ्यातून जाते. तेव्हा ‘कंपनीचे बजेट नाही’ हे तिचे म्हणणे येथे निराळ्या कानांनी ऐकावे. बजेट असेलही, फक्त ते वाटेत अडले असेल. अशा वेळी तेच काम दुसऱ्या एजन्सीच्या पटावर करणाऱ्यांना काय मिळते, हे विचारून घ्यावे. शिवाय कंपनीने एजन्सीचे पैसे थकवले तरी आपला पगार ठरल्या तारखेला होईल काय, निधी कोणाच्या नावाने आणि खरोखर भरला जातो काय, भरपगारी रजा किती आणि पुढे कंपनीने कायम करायचे म्हटल्यास एजन्सी आडकाठी करील काय, हे प्रश्न पगाराइतकेच महत्त्वाचे आहेत.

भिडेसंबंधी एक गोष्ट बोलायची राहिली आणि ती विशेषतः भगिनींसाठी आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची लिंडा बॅबकॉक यांनी पाहणी केली. पहिल्या पगाराविषयी ५७ टक्के मुलांनी वाढ मागितली होती. मुलींनी केवळ ७ टक्के. मुली भित्र्या असतात असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा होईल. त्याच विदुषीने सहकाऱ्यांसह २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की पैसे मागणाऱ्या स्त्रीविषयी लोकांचे मत पुरुषापेक्षा अधिक कलुषित होते. म्हणजे ती भीड निराधार नाही. समाजाने ती घातलेली आहे. मधल्या माणसाचा खरा उपयोग येथे होऊ शकतो. जे स्वतः तोंडाने मागणे जड जाते, ते एजन्सीमार्फत मागता येते. नव्या साहेबांसमोर बसून हुज्जत घालावी लागत नाही. आणि मुलांसाठी तीन-चार वर्षे घरी राहून परत कामावर येणाऱ्या स्त्रीने जुन्या पगारावर ‘थोडी वाढ’ हा हिशेब मुळीच मान्य करू नये. सारख्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून निराळा पगार देण्यास आपल्या कायद्याने १९७६ पासून मनाई आहे. पण जुन्या पगारावर नवा पगार चढवण्याची रीत तीच विषमता मागल्या दाराने आत आणते.

या साऱ्याला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या हातात दुसरी नोकरी नाही, ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचे भाडे नाही, त्याला ‘निश्चिती विकून वाढ घ्या’ असे सांगणे सोपे आहे. बोलण्यातली ताकद अखेर नाही म्हणता येण्यातून येते. म्हणून राजीनामा देऊन नोकरी शोधण्यापेक्षा नोकरी असताना शोधावी, दोन ठिकाणी बोलणी चालू ठेवावी आणि तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीशी बांधावा. आणि ज्या फाटकावर शेकडो माणसे एकाच दराने घेतली जातात, तेथे एकट्याच्या गोड बोलण्याने काही होत नाही. तेथे एकजुटीचीच भाषा लागते.

परंतु आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. पगाराविषयीचे मौन आपण सोडले पाहिजे. कंपनीला पन्नास जणांचे पगार माहीत असतात, एजन्सीला पाचशे जणांचे आणि उमेदवाराला फक्त स्वतःचा. या अज्ञानावरच समोरच्याची बाजू उभी असते. आपल्या हाताखाली शिकलेल्या पोराने विचारले, की ‘काका, या कामाला किती मागू?’ तर ‘तू मेहनत कर, पैसे आपोआप येतील’ असा उपदेश करण्यापेक्षा त्याला खरा आकडा सांगावा. पैसे आपोआप येत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असते. कष्ट करणे हा जसा धर्म आहे, तसे कष्टाचे मोल स्वच्छ शब्दांत सांगणे हाही व्यवहार आहे. त्यात ना लाचारी आहे, ना उद्दामपणा.

मधल्या माणसाला शत्रू मानू नये आणि आप्तही मानू नये. त्याला पैसे कोण देतो आणि त्याला काय हवे आहे, एवढे ओळखावे. मग त्याच्याकडून आपलेही काम होते.